लोक काय म्हणतील आणि देव काय म्हणेल

बाईला जन्मभर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तर शोधायला लागणार नाही. ‘लोक काय म्हणतील?’ हाच तो प्रश्न. मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या मोठ्याने हसण्यावर तो येतो, बारा वर्षांची झाली की बाहेर खेळण्यावर येतो. लग्न लांबलं तरी येतो, लग्न मोडलं तरी येतो. नवरा गेला की तिच्या कपाळावर, बांगड्यांवर, साडीच्या रंगावर येतो. तो प्रश्नासारखा विचारला जातो, पण त्याला उत्तर नको असतं. बाई थांबली की त्याचं काम झालं.

या प्रश्नाची किंमत काय, हे गावोगावच्या मंडळांत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. नवऱ्याने हात मोडला तरी दवाखान्यात ‘मोरीत पाय घसरला’ असं सांगणारी बाई खोटारडी नसते. डॉक्टरने कागदावर काय लिहिलं ते संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचेल, ही तिची भीती असते. घरातल्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाने आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. हे कायदे मिळवायला स्त्रियांच्या चळवळीने रस्त्यावर वर्षं घालवली. पण घराच्या उंबरठ्यापासून पोलीस चौकीच्या पायरीपर्यंतचं जे अंतर आहे, ते कोणतंही कलम बाईच्या वतीने चालून जात नाही. ते तिचं तिलाच चालावं लागतं, आणि वाटेत दोन्ही बाजूंना लोक उभे असतात.

लोक म्हणजे कोण?

आपण ‘लोक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मोठा जमाव येतो. बैठकीत बायकांना एकदा या लोकांची नावं सांगायला लावा. सासू, थोरली जाऊ, समोरची शेजारीण, भावकीतले दोन पुरुष, माहेरचा मोठा भाऊ. नावं दहाच्या पुढे फारशी जात नाहीत. मराठीत आपण ‘चारचौघांत’ म्हणतो ते काही उगाच नाही. राज्य खरोखर चौघांचंच असतं.

पण म्हणून ही भीती खुळेपणाची ठरत नाही. या चौघांच्या हातात बरंच काही असतं. मुलीचं स्थळ त्यांच्या ओळखीतून येतं. अडीनडीला उसने पैसे त्यांच्याकडून मिळतात. शेतात पैऱ्याला माणसं त्यांची येतात. पाण्याच्या नळावर नंबर लावू द्यायचा की नाही, हेही तेच ठरवतात. सगळ्यात टोकाला जात पंचायत बसते आणि अख्ख्या घराला वाळीत टाकते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला, तो काही कल्पनेतल्या भीतीपोटी नव्हे. जिला रोज याच लोकांत जगायचं आहे, तिला ‘घाबरू नकोस गं’ एवढंच सांगून निघून येणं सोपं असतं. तिच्या भीतीला कारण आहे, हे आधी मान्य करायला हवं.

मग असं कारण असतानाही काही बायका बाहेर पडतात, त्या कशाच्या बळावर? शिबिरांत, गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला की एक उत्तर पुन्हा पुन्हा येतं. ‘वर बसलाय तो बघतोय.’ ‘देवाला ठाऊक आहे मी खरी आहे, मग कुणाला भ्यायचं?’ ‘अल्लाह गवाह आहे.’ हे उत्तर आलं की आपल्यातल्या काहीजणी थोड्या अवघडतात. अहवाल लिहिताना ‘संघटनेमुळे आत्मविश्वास वाढला’ असं लिहितात आणि देवाचा भाग गाळतात. देव म्हटला की पुरोहित आला, विटाळ आला, व्रतं आली, ही शंका रास्तच आहे. पण त्या बाईचं वाक्य गाळायचं मात्र कारण नाही. देवावरच्या भरवशाने लोकांचं भय घालवणं ही आपल्या भाषेतल्या बायकांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधलेली वाट आहे. ती नीट पाहिली तर ती कुठे उघडते आणि कुठे बंद होते, दोन्ही कळतं.

जनीने शिवी उचलून घेतली

जनाबाई मूळची गंगाखेडची. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दासी, म्हणजे दळण, कांडण, शेण, पाणी, धुणं. तिच्या अभंगांतला देव सोवळ्यात बसलेला नाही. तो तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. ती त्याच्यावर माया करते, आणि रागावली की त्याला चांगलं फटकारतेही. घरातल्या सगळ्यांत खालच्या माणसाच्या शेजारी सगळ्यांत वरचा येऊन बसतो, तिचं काम करतो. मधल्या कुणाची परवानगी लागत नाही. मालकाची नाही, भटजीची नाही, नवऱ्याचीही नाही.

या नात्यातून काय घडलं ते पाहा. तिचा एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात ती डोक्यावरच्या पदराची पर्वा सोडून, हातात टाळ-वीणा घेऊन भर बाजारातून देवाकडे निघते, आणि बाजारबसव्या बाईला लोक जो शब्द वापरतात तो स्वतःच स्वतःला लावून घेते. लोकांच्या हातातला शेवटचा दगड हा शब्दच असतो. बाई ऐकत नाही म्हटलं की तिच्या चारित्र्यावर एक शब्द टाकायचा, की ती परत घरात जाते. जनीने तो दगड आपणच उचलून हातात घेतला. आता मारणार कशाने? चळवळीतल्या बाईला ‘गाव भटकणारी’ म्हणून हिणवतात तेव्हा हा अभंग आठवण्यासारखा आहे.

तिच्याबद्दलची एक कथाही घरोघर सांगितली जाते. देवाच्या गळ्यातलं पदक तिच्या घरी सापडलं, तिच्यावर चोरीचा आळ आला आणि तिला सुळावर द्यायला नेलं. कथेत सुळाचं पाणी झालं. खऱ्या आयुष्यात सुळाचं पाणी होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण कथा रचणाऱ्या लोकांनाही एक गोष्ट चांगली ठाऊक होती. दासीने देवाशी थेट नातं जोडलं की पहिला आळ चोरीचा येतो. जे तिचं नाही, ते तिने घेतलं!

बहिणाबाईची अवघड वाट

जनी एकटी होती, तिला संसार नव्हता. ज्यांना संसार आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी बहिणाबाई वाचावी. ही खानदेशातली ओव्या रचणारी बहिणाबाई चौधरी नव्हे. ही १६२८ च्या सुमारास वेरूळच्या परिसरातल्या देवगावात जन्मलेली संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या. तिने आपलं आयुष्य अभंगांतून सांगून ठेवलं आहे. बाईने स्वतःची कहाणी स्वतः सांगणं, आणि तेही सतराव्या शतकात, हे किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

ब्राह्मणाघरची मुलगी. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीतला बिजवर. कर्जापायी घर सोडून कुटुंब भटकत भटकत कोल्हापूरला आलं. तिथे तिला जयरामस्वामींच्या कीर्तनाची गोडी लागली. तिचं कीर्तनाला जाणं, लोकांत तिचं नाव होणं नवऱ्याला खपलं नाही. त्याने तिला मारलं, बांधून घातलं. तेव्हा ती अकरा वर्षांच्या आसपास होती. पुढे तिने मनाने गुरू केला तो तुकाराम. तो वाणी, शूद्र मानलेल्या जातीचा. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करायचं, म्हणजे नवऱ्याची अब्रू आणि जातीची उतरंड दोन्ही एकदम पणाला लागली. नवरा तिला सोडून जायला निघाला. तो आजारी पडला म्हणून ते टळलं. पुढे कुटुंब देहूला गेलं, तिथे मंबाजीने छळलं. इतकं होऊनही तिने गुरू बदलला नाही आणि कीर्तन सोडलं नाही.

पण बहिणाबाईला आपल्या मापात बसवण्याची घाई करू नये. तिने पतिव्रताधर्माचे गोडवेही गायले आहेत. बाईचा देह मिळाला म्हणून वेदांचा अधिकार नाही, परमार्थाची वाट बंद, हे दुःख तिने बोलून दाखवलं. त्याच बरोबर नवऱ्याची सेवा हाच आपला धर्म, असंही ती म्हणते. तिच्या मनात दोन देव भांडताहेत असं वाचताना वाटतं. एक देव तिला कीर्तनाला बोलावतो, दुसरा तिला घरात बसवतो. आजही किती बायकांच्या मनात हेच भांडण चालू असतं! बहिणाबाई पूर्ण सुटली नाही. पण ज्या गोष्टीला ती खरं मानत होती, तेवढी एक गोष्ट तिने ना नवऱ्याला सोडू दिली, ना गावाला. ती १७०० साली वारली. तिने जपलेली ती एक गोष्ट आज आपण वाचतो आहोत. घरात राहून लढणाऱ्या बाईची लढाई लहान समजू नये, हे तिच्याकडून शिकावं.

रमाबाईंचे दोन नकार

तिसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२). त्यांच्या वाट्याला आलेले ‘लोक’ गल्लीतले नव्हते, तो सगळा सुशिक्षित महाराष्ट्र होता. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. मग त्यांनी दुसऱ्या प्रांतातल्या, शूद्र मानलेल्या जातीच्या माणसाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षांत वैधव्य आलं, हाताशी लहान मुलगी होती. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्यांनी काल हार घातले त्यांनीच आज तोंडं फिरवली.

त्यांच्या धर्मांतराविषयी आपल्यात वेगवेगळी मतं असतील. आजही हा विषय निघाला की आवाज चढतात. इथे मुद्दा वेगळा आहे. नव्या धर्मात गेल्यावर तिथल्या मोठ्या लोकांनी त्यांना सांगायला सुरुवात केली, की काय मानायचं, कुणाला शिकवायचं, कुणासमोर बोलायचं. त्यावर रमाबाईंनी पत्रांतून कळवलं ते असं, की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड महत्प्रयासाने उतरवलं आहे, आता तसंच दुसरं खांद्यावर घ्यायची आपली तयारी नाही. म्हणजे पहिला नकार पुण्याला होता, दुसरा नकार ज्यांच्या आसऱ्याला त्या राहत होत्या त्यांना होता. दोन्ही नकार एकाच बळावर होते. माझ्यात आणि देवात तिसरा कुणी नको.

त्या बळाचं पुढे काय झालं, ते जास्त महत्त्वाचं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे बालविधवा शिकू लागल्या. १८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या आरोपावरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुलींना शेकड्यांनी आणलं आणि केडगावला त्यांना शिक्षण दिलं, हाताला काम दिलं. लोकनिंदेची भीती गेली तेव्हा त्यांनी स्वतःपुरता मोकळा श्वास घेतला आणि बसल्या, असं झालं नाही. निंदेत अडकून गेली असती ती शक्ती कामाला लागली.

देवाच्या आडून बोलणारे लोक

आता दुसरी बाजू पाहू, कारण ती पाहिली नाही तर वरचं सगळं नुसतं कीर्तन होईल.

बहुतेक बायकांच्या आयुष्यात देव लोकांच्या विरुद्ध उभा राहत नाही, तो लोकांच्याच बाजूने उभा केला जातो. शेजारीण बघेल म्हणून भीती, ती बघत नसेल तेव्हा देव बघेल म्हणून भीती. लोकांचे डोळे जिथे पोचत नाहीत तिथे पहारा द्यायला देवाला नेमलेलं असतं. उपास मोडला तर नवऱ्याला अपाय होईल. पाळीत दिव्याला हात लागला तर घराचं वाटोळं होईल. केसांत गुंता होऊन जट झाली, तर ती देवीची, कापली तर कोप होईल. ती जट मानेला ओढ देते, तिच्यात उवा होतात, वास येतो, पण बाई वर्षानुवर्षं ती डोक्यावर वागवते. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा अशीच देवीच्या भीतीवर चालत आली. मुंबई इलाख्यात १९३४ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला. एवढे कायदे करावे लागले, यावरून त्या भीतीची मुळं किती खोल आहेत ते कळावं.

आणखी एक वाट बायकांनी शोधली. अंगात येणं. एरवी जिला चुलीपुढे तोंड उघडायची सोय नाही, तिच्या अंगात देवी आली की सासरा हात जोडून उभा राहतो, नवरा पाया पडतो. तिचं बोलणं ऐकलं जातं. पण देवी गेली की बाई पुन्हा चुलीपुढेच. जे बोलली ते देवीचं, तिचं काहीच नाही. शिवाय या वाटेवर भगत आणि बुवा टपून बसलेले असतात. भीती घालवतो म्हणून आलेला बुवा स्वतःच नवीन भीती होऊन बसतो, याची प्रकरणं आपल्यापुढे कमी नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याचा उपयोग बायकांनीच सगळ्यांत जास्त करून घ्यायला हवा.

मग ओळखायचं कसं? मला एक साधी कसोटी सुचते. आपल्या मनातला देव आणि दारातले लोक एकच वाक्य बोलताहेत का, ते ऐकावं. लोक म्हणाले, ‘मार खा पण घर सोडू नको,’ आणि देवही तेच म्हणाला, तर तो देव नव्हे, देवाचा मुखवटा घातलेले लोकच ते. लोक म्हणाले, ‘हिच्या हातचं पाणी नको,’ आणि देवानेही मान डोलावली, तर तिथेही तेच. चोखोबांची सोयराबाई या जागी थांबून विचार करत होती. देहातला विटाळ देहातच असतो, त्यावाचून कुणाचाच जन्म नाही, मग सोवळं कोण राहिलं, असा सवाल तिने अभंगात केला. तिचा देव गावाच्या सुरात सूर मिसळत नव्हता, म्हणून तिला तो सवाल सुचला.

दुसरी खूण अशी. भरवसा बाईला जागेवरून हलवतो, भीती तिला जागेवर बसवते. ‘देव बघून घेईल’ म्हणून जी अन्याय सोसत राहते तिच्या तोंडी भरवशाचा शब्द आहे, पण आत भीतीच आहे. ‘देवाला माहीत आहे’ म्हणून जी उठून साक्ष द्यायला जाते, तिथे खरा भरवसा आहे. शब्द तोच असतो, पाय कुठे जातात ते बघावं.

हाजीअली दर्ग्याच्या गाभ्यात जाण्याचा हक्क परत मिळवायला भारतीय मुस्लिम महिला आंदोलन न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि नोव्हेंबरमध्ये बायका आत गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. या बायकांना ‘तुम्ही धर्म बुडवता’ असं म्हटलं गेलं. देवळात, दर्ग्यात जाऊन बाईचं काय भलं होणार, असं आपल्यातल्याही कुणी म्हणेल. मला वाटतं, देवाच्या दाराशी उभं राहून अडवणारे पुजारी आणि विश्वस्त म्हणजे ‘लोक’ आहेत, देव नव्हे, हे त्यांनी जगासमोर वेगळं करून दाखवलं. कसोटी तीच.

ज्यांना देव नको त्यांचं काय?

देवाशिवाय निर्भय होता येत नाही, असं मात्र कुणी यातून समजू नये. महाडला १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की ज्या नेसण्याने आणि ज्या दागिन्यांनी तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या. बायकांनी लगेच लुगडं नेसण्याची तऱ्हा बदलली. गाव काय म्हणेल, याची भीती त्यांनी आपल्या माणुसकीवरच्या भरवशाने ओलांडली. १९५६ साली नागपूरला लाखोंनी जो धम्म घेतला त्यात तर देवच सोडून दिला. त्या बायका आणि त्यांच्या लेकी-नाती आज आपल्या चळवळीत कुणाहून कमी धीट नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेल्या. फक्त सातजणी! त्यातल्या प्रत्येकीच्या मनात काय बळ होतं ते त्या जाणोत. पण त्या दिवशी त्यांनी लोकांच्या मतापेक्षा मोठं असं काहीतरी मानलं होतं, एवढं नक्की. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तलाक रद्द ठरवला. मधे पन्नासहून जास्त वर्षं गेली.

या सगळ्यांत सारखं काय आहे? प्रत्येकीने लोकांच्या वरचं एक न्यायालय मनात मानलं होतं. कुणाचा विठ्ठल, कुणाचा येशू, कुणाचा अल्लाह, कुणाची बाबासाहेबांची शिकवण. जिच्या मनात असं वरचं न्यायालय नसतं तिला चारचौघांचा निवाडाच शेवटचा वाटतो. म्हणून मंडळात येणाऱ्या बाईला ‘तुझा देव खोटा’ असं सांगून तिच्या हातातली काठी काढून घेऊ नये. ती काठी घेऊन ती कुठे निघाली आहे ते विचारावं. आणि जी देव मानत नाही तिच्यावर आरती-भजन लादू नये. दोघींना एका चटईवर बसता आलं पाहिजे.

शेवटी लोक म्हणजे आपणही

देवावरचा भरवसा मनातली भीती घालवतो. नळावरचा नंबर मात्र तो मिळवून देत नाही. जनीलासुद्धा नामदेवांच्या घरचा, वारकऱ्यांचा मेळा होता. तो नसता तर तिचे अभंग जात्यापाशीच विरून गेले असते. रमाबाईंनी पहिलं काम काय केलं, तर एकट्या पडलेल्या बायकांना एका छपराखाली आणलं. एकटीचा भरवसा चार दिवस टिकतो, मग ताप येतो, मुलाची फी भरायची असते, भाऊ समजूत घालायला येतो आणि पाय लटपटतात. त्या दिवशी दार वाजवायला कुणीतरी लागतं. देवाचं नाव घेऊन चौकीची पायरी चढणाऱ्या बाईबरोबर आपण दोघी-तिघी चढलो पाहिजेत. तेवढं काम देव आपल्यावर सोडतो, असं श्रद्धा असणारीने समजावं. ते काम आपलंच आहे, असं नसणारीने समजावं.

आणि एक विसरू नये. हे ‘लोक’ काही आभाळातून पडत नाहीत. शेजारणीच्या घरात आवाज चढला की खिडकी लावून घेणारे आपण, हळदीकुंकवाची यादी करताना एक नाव वगळणारे आपण, कुणाच्या लेकीबद्दल ‘असं ऐकलंय बाई’ म्हणणारे आपण. म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यातले लोक आपण आहोतच. मग लोकांचं म्हणणं बदलणं आपल्या हातात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ते करून दाखवलं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, हे बंद करण्याचा ठराव तिथे मे २०२२ मध्ये झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ज्या गावाच्या तोंडून शेकडो वर्षं ‘पूस ते कुंकू’ निघत होतं, त्याच गावाने हात वर करून ‘राहू दे’ म्हटलं. नुसता ठराव झाल्याने सगळ्या घरांतली रीत बदलत नाही, हे खरं. पण लोकांचं म्हणणं हे देवाचं म्हणणं नसतं, ते माणसांनी केलेलं असतं आणि माणसं ते मोडू शकतात, एवढं त्यातून शाबीत झालं.

पुढच्या बैठकीत एवढं करून पाहा. प्रत्येकीने एक गोष्ट सांगावी, जी फक्त लोकांच्या भीतीने करायची राहिली आहे. मग त्या लोकांची नावं सांगावीत. मग सांगावं, की तिच्या मनातला देव, किंवा ज्याला ती सगळ्यांत वरचं मानते ते, या बाबतीत काय म्हणतं. दोन्हींकडून एकच वाक्य आलं तर पुन्हा एकदा कान देऊन ऐकावं. वेगळी वाक्यं आली, तर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि बरोबर कोण कोण येणार, ते त्याच बैठकीत वहीत लिहून ठेवावं.